साबणाच्या वडीची रोमन शवपेटी
पोरीला हिस्ट्रीच्या प्रोजेक्टला मॉडेल करायचं होतं, म्हटली रोमन शवपेटी करूया, म्हणजे त्यांची मढं ठेवायची कोरीव दगडी पेटी. खडेबाजारातून कपडे धुवायच्या साबणाच्या चार वड्या आणल्या, दोन वाया गेल्यावर जे कळलं ते लिहितोय.

आधी नक्षी काढू नका, आधी आतून पोखरा. मी उलटं केलं, सगळी वेलबुट्टी काढून मग चमच्यानं पोखरायला गेलो आणि वडी मधोमध दुभंगली की! रोमन लोक खाणीवरच दगड पोकळ करून बाहेरनं नुसता ढोबळ आकार देऊन पाठवायचे, कारण संगमरवर घनमीटरला २.७ टन भरतो आणि तो मार्मारा समुद्रातल्या प्रोकोनेसस बेटावरनं जहाजानं न्यायचा म्हणजे चेष्टा नाही. इटलीत सान पिएत्रो इन बेवान्याजवळ असलं एक जहाज बुडालेलं सापडलंय, आत २३ अर्धवट शवपेट्या.

मागची बाजू सोडून द्या. रोममधले कारागीर समोरची बाजू झकास करायचे, दोन्ही बगला उथळ, मागं तसंच खडबडीत, पेटी भिंतीलाच लागणार ना, आपल्या घरच्या गणपतीची पाठ कोण बघतंय. अथेन्सवाले मात्र चारी बाजू कोरायचे. उद्या सबमिशन असेल तर रोमच धरा.

देवादिकांच्या गोष्टी कोरायच्या भानगडीत पडू नका, कंपासच्या टोकानं एस आकाराच्या नागमोडी खाचा ओढा, रोमन लोकांतही हे चालायचं. खोल भोकांना दाभण फिरवा. त्यांचं ड्रिल दोघांचं काम, एकानं धरायचं, दुसऱ्यानं पट्टा मागंपुढं ओढायचा, रवीनं ताक घुसळल्यागत. युट्रोपोस नावाच्या कारागिराच्या थडग्यावर हेच चित्र कोरलंय, तो दगड उर्बिनोत आहे.

चेहरा शेवटी, गणपतीची आखणी शेवटी करतात तसा. गिऱ्हाइकाचा चेहरा नंतर कोरायला जागा ठेवायचे, आणि कधी ती तशीच राहायची. रोममध्ये सापडलेल्या, इ.स. १८० च्या आसपासच्या पोर्तोनाच्चो शवपेटीवर एवढी लढाई कोरलीय आणि मधल्या सेनापतीला तोंडच नाही.

वहीत दर लिहायचा असेल तर इ.स. ३०१ सालच्या रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या दरांच्या यादीत प्रोकोनेससचा दगड ४० दिनार, डोकिमियनचा (आजच्या तुर्कस्तानातल्या खाणीचा संगमरवर) २००, आपल्याकडं कडप्पा आणि इटालियन मार्बल म्हणा की.

पांढरी ठेवू नका, मूळच्या रंगवलेल्या असायच्या. झाकणाला ते लोखंडी क्लॅम्प शिशानं बसवायचे, आम्ही स्टेपलरच्या पिना टोचल्या. आणि शाळेत नेताना डब्यात कापूस घाला, रिक्षात कोपरा उडतोच.