थडग्यावरच्या शिळेची गुंफण कागदावर कशी उतरवावी

ग्लासगोच्या गोव्हन भागातल्या जुन्या चर्चमध्ये नवव्या ते अकराव्या शतकातल्या थडग्यांवरच्या शिळा आहेत. त्यांतली क्रूस कोरलेली एखादी सपाट शिळा घ्या आणि तिच्यावरची गुंफणीची, म्हणजे वेणीसारख्या एकमेकांत गुंतलेल्या पेडांच्या नक्षीची, एकच चौकट निवडा. फोटो बाजूने पडलेल्या तिरप्या उजेडातला हवा; समोरून फ्लॅश मारलेला कामाचा नाही. शिळेवर खडू तर चुकूनही घासू नका. काही शिळा पुढे इतरांच्या थडग्यांवर वापरल्या गेल्या, त्यांवरची आद्याक्षरे सोडून द्या.

वेणी जिथे सलग आहे, तिथे काठावरच्या वळणांमधले अंतर मोजा आणि त्या मापाची घरे आखा. समजा, ४ बाय ९. प्रत्येक घराच्या बाजूंचे मध्यबिंदू तिरप्या रेषांनी जोडा, की साधी वेणी तयार. ठिपक्यांच्या रांगोळीची सवय असेल तर हात लगेच बसतो.

आता तोड. कारागिराने काही छेद, म्हणजे पेड एकमेकांना ओलांडतात त्या जागा, मोडून पेड वळवलेले असतात, नक्षी त्यातूनच होते. ‘एका पेडावर बोट ठेवा आणि पुढे जात राहा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि झिजलेल्या दगडावर तो हमखास फसवतो, कारण जिथे दिसत नाही तिथे डोळा मनाने रेषा पुरी करतो. पेड वाचूच नका, पेडांमधले खळगे वाचा. उंचवटे आधी झिजतात, खोल जागा टिकते. अखंड छेदाभोवती चार खळगे सुटे असतात. तोड असेल तिथे समोरासमोरचे दोन मिळून एक लांब खळगा होतो. तो उभा असेल तर तोड उभी, आडवा असेल तर आडवी. आधी सगळ्या तोडी जाळीवर मांडा, मगच पेड काढा.

पेड वर-खाली करण्यासाठी कशाचाही माग काढावा लागत नाही. एका आडव्या ओळीतल्या सगळ्या छेदांवर एकाच दिशेचा पेड वर राहतो, पुढच्या ओळीत उलट. तोडी कितीही असोत, हा नियम मोडत नाही. फोटोशी जुळत नसेल तर बहुधा तुमची एक ओळ मोजायची राहिली आहे. कारागिराला दोष शेवटी द्या.

‘अशी नक्षी एकाच अखंड दोऱ्याची असते’ हेही खरे मानू नका. साध्या वेणीत दोन्ही बाजूंच्या घरांचा मसावि जितका, तितके दोरे: ४ आणि ९ ला एक, ४ आणि ६ ला दोन. दोन वेगळ्या दोऱ्यांमधली तोड त्यांना जोडते. एकाच दोऱ्यावरची कधी त्याचे दोन करते.

मग रेषा दुहेरी करा, शाई फिरवा.

तिथल्या ५ हॉगबॅक शिळा मात्र इतक्यात घेऊ नका. त्यांची पाठ फुगीर असते, फोटोत घरांचे माप कडेकडे आक्रसत जाते आणि जाळी बसत नाही.