गोल्फसाठी सीमोल्लंघन करताय? कोल्हापूरकरांनी या चुका टाळाव्यात

नवरात्र सरलं की कोल्हापुरातल्या गोल्फवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो: "पाऊस गेला, आता कधी निघायचं?" पावसाळाभर बॅगा माळ्यावर पडून असतात आणि हात शिवशिवत असतात. अठरा होलची (टीपासून खड्ड्यापर्यंतचा एक टप्पा म्हणजे एक होल) फेरी हवी तर आपल्याला हायवे धरावाच लागतो. दक्षिणेला बेळगाव साधारण ११० किलोमीटर, उत्तरेला पुणे २३० च्या आसपास. त्यामुळे फेरी फसली की स्कोअरबरोबर डिझेल, टोल, खोलीचं भाडं आणि अख्खा रविवारही बुडतो. या दिवसांतल्या फेऱ्या फसतात त्याचं मुख्य कारण माझ्या मते एकच आहे. लोक तारीख आधी ठरवतात आणि कोर्सला नंतर विचारतात. हा क्रम उलटा केला तर खालच्या निम्म्या चुका होणारच नाहीत.

"पब्लिक कोर्स आहे की" म्हणत थेट गेटवर जाणं

अमेरिकेतला भाचा सांगतो, तिकडे मोबाईलवर वेळ पकडली, कार्ड घासलं, खेळायला मोकळे. ते ऐकून इथं तसं निघू नका. आपल्याकडे खऱ्या अर्थानं सार्वजनिक कोर्सेस मोजकीच आहेत. दिल्लीत लाडो सरायला डीडीएचं (दिल्ली विकास प्राधिकरणाचं) कुतुब गोल्फ कोर्स २००० साली सुरू झालं. आपल्या राज्यात खारघरला सिडकोचं कोर्स आहे; तिथं सभासद नसलेल्यालाही पैसे भरून खेळता येतं, पण कोल्हापूरहून ते साडेतीनशे किलोमीटरच्या घरात जातं. जवळचं म्हणावं ते बहुतेक क्लबचं, रिसॉर्टचं नाहीतर लष्कराशी जोडलेलं. येरवड्याचं पूना क्लबचं कोर्स हे सभासदांच्या क्लबचं आहे, तर बावधनचं ऑक्सफर्ड डोंगरउतारावरचं रिसॉर्ट आहे. पाहुण्यांसाठीचे नियम प्रत्येकाचे वेगळे असतात आणि हंगामागणिक बदलतात.

म्हणून फोन. वेबसाइटवरचा दर बघून गप्प बसू नका, ऑफिसात बोला. पाहुण्यांना कोणत्या वारी घेता, सभासदाची ओळख लागते का, हँडिकॅपचा (खेळाडूची पातळी सांगणारा आकडा; तो जितका मोठा तितका खेळाडू कच्चा) दाखला मागता का, ग्रीन फी (खेळायचे पैसे) जीएसटी धरून की वेगळी, कॅडी (बॅग उचलणारा, वाट दाखवणारा मदतनीस) सक्तीचा का, बग्गी (मैदानावरची छोटी गाडी) मिळेल का, आणि सोमवारी देखभालीसाठी बंद असता का. २०२० पासून जगभर एकच हँडिकॅप पद्धत आहे आणि तिची कमाल मर्यादा ५४ आहे, म्हणजे नवख्यालाही दाखला काढता येतो. तरी "काढू नंतर" म्हणणारे ढिगानं भेटतात आणि मग गेटवर गोडीगुलाबीनं बोलत उभे राहतात. छावणीच्या भागात जायचं असेल तर गटातल्या चौघांचीही नावं आधी कळवा आणि ओळखपत्रं मूळ न्या, मोबाईलमधले फोटो नकोत. ड्रोन घरी ठेवा.

आणखी एक प्रश्न आवर्जून विचारा: "ग्रीनवर (खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) काही काम काढलंय का?" पाऊस ओसरला की ग्रीनला भोकं पाडून वाळू पसरायचं काम अनेक ठिकाणी निघतं. गवतासाठी ते गरजेचंच, पण त्या आठवड्यात पटिंग (ग्रीनवर बॉल हलक्या फटक्यानं खड्ड्यात घालणं) म्हणजे नशिबाचा खेळ. पूर्ण पैसे भरून असल्या ग्रीनवर खेळण्यापेक्षा दहा दिवस थांबलेलं बरं. कॉर्पोरेट स्पर्धांचा हंगामही याच सुमाराला सुरू होतो. अशा दिवशी सगळे गट वेगवेगळ्या होलवरून एकाच वेळी सुटतात आणि अर्धा दिवस बाहेरच्यांना जागा नसते.

कॅलेंडर नीट न बघणं

तारीख निवडताना रविवार आहे का एवढंच बघून चालत नाही. आपल्या भागाचं स्वतःचं एक कॅलेंडर आहे.

बेळगावला जाणाऱ्यांनी १ नोव्हेंबर टाळावा. कर्नाटकात त्या दिवशी राज्योत्सव असतो आणि बेळगावात महाराष्ट्र एकीकरण समिती काळा दिवस पाळते. मिरवणुका, मोर्चा, जागोजागी पोलीस. कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्र पासिंगची गाडी घेऊन खोळंबायचं असेल तर गोष्ट वेगळी. आदला-नंतरचा दिवसही सोडलेला बरा.

पुण्याच्या बाजूला ऊस आडवा येतो. गळीत हंगाम तोंडावर आला की जयसिंगपूरला ऊस परिषद होते, दर जाहीर होतात, पटले नाहीत की रस्ता अडतो. २०२३ च्या नोव्हेंबरात शिरोलीच्या पंचगंगा पुलावर हायवे तासन्तास बंद होता. शेतकऱ्याच्या जागी उभं राहून पाहिलं तर त्यात तक्रारीला जागा नाही. आपण मात्र त्या आठवड्यात आगाऊ पैसे भरून बसू नये. कागल ते सातारा सहापदरीकरणाचं काम संपेपर्यंत डायव्हर्जन गृहीत धरा. दिवाळीच्या आदल्या शनिवार-रविवारी खंबाटकी आणि खेड शिवापूरला काय होतं, ते सांगायला नको.

दिवाळीत आणखी एक अडचण असते. लक्ष्मीपूजन ते भाऊबीज कॅडी मिळणं कठीण होतं. त्यांनाही घरदार आहे. अनोळखी कोर्सवर कॅडीशिवाय खेळणं म्हणजे ग्रीनचा उतार आणि पाण्याची जागा चाचपडत शोधणं. भाऊबीजेनंतरचा आठवडा, त्यातही मंगळवार ते गुरुवार, हा माझ्या मते सगळ्या हंगामातला सर्वात चांगला काळ. सुट्टी टाकावी लागते, पण ग्रीन फीसुद्धा बऱ्याच ठिकाणी शनिवार-रविवारपेक्षा कमी असते.

सूर्याचा हिशेब चुकवणं

सप्टेंबरच्या शेवटी आपल्याकडे सूर्य साडेसहाच्या आत-बाहेर मावळतो. ऑक्टोबर संपताना तो सहाच्या जेमतेम पुढे असतो आणि नोव्हेंबरच्या मध्यावर सहाच्या आतच जातो. वर आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश फार टिकत नाही. वीस-पंचवीस मिनिटांत बॉल दिसेनासा होतो. चौघांच्या गटाला अठरा होलना साडेचार तास धरा, ओल्या मैदानावर पाच. म्हणजे दुपारी एकनंतरची वेळ घेतली की शेवटचे दोन-तीन होल मोबाईलच्या टॉर्चवर. दुपारी पोचणार असाल तर सरळ नऊ होलच मागा. सव्वादोन तासांत होतात आणि पैसेही निम्म्याच्या आसपास.

सकाळची वेळ चांगलीच, पण पुण्यासाठी पहाटे दोनला निघून सातला टीवर (पहिला फटका मारायच्या जागी) उभं राहणारे शूर वीर मला पटत नाहीत. झोप नाही, पाठ आखडलेली, आणि परतीच्या ड्रायव्हिंगला कोण ताजं असणार? पुणे म्हणजे आदल्या रात्रीचा मुक्काम. बेळगाव मात्र पहाटे साडेचारला निघून आरामात जमतं. तिथं सकाळी दव असतं. पहिल्या चार-पाच ग्रीनवर बॉल कपाच्या (खड्ड्याच्या) अलीकडे थांबतो आणि नऊनंतर तोच पट पलीकडे पळतो. सरावाच्या ग्रीनवरचा अंदाज दिवसभर पुरत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

परतीच्या पावसाला हलक्यात घेणं

मान्सून आपल्या भागातून साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात माघार घेतो, पण जाताना तो गडगडाट करत जातो. सकाळी लख्ख ऊन, दुपारी तीनला काळेकुट्ट ढग. मोकळ्या माळावर, हातात धातूची दांडी घेतलेला माणूस विजेला याहून सोयीचा कुठे सापडणार? पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप आसपास वीज पडतेय का ते दाखवतं. ते चालू ठेवा. गडगडाट ऐकू आला की खेळ थांबवा. सायरन वाजायची वाट बघायची गरज नाही, विजेचा धोका वाटला तर खेळाडूला स्वतःहून थांबायची मुभा नियमातच आहे. झाडाखाली उभं राहू नका, छत्री उघडू नका, क्लबहाऊस किंवा बंद गाडी गाठा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गेल्याशिवाय परत मैदानात नको.

ओल्या मैदानावर उन्हाळ्यातला खेळ खेळणं

इथंच सगळ्यात जास्त स्ट्रोक (फटके) वाया जातात, आणि त्यातले बरेच नियम माहीत नसल्यामुळे. मे महिन्यात बॉल पडून वीस-तीस यार्ड घरंगळतो. ऑक्टोबरात पडतो तिथंच रुततो. त्यामुळे एक क्लब जास्त (म्हणजे बॉल आणखी लांब नेणारी काठी) घ्या आणि ग्रीनच्या अलीकडून पळवत नेण्याचा नाद सोडा.

रुतलेला बॉल तसाच मारायची गरज नाही. तो आपल्याच आघातानं पडलेल्या खळग्यात असेल आणि त्याचा काही भाग जमिनीच्या पातळीखाली असेल, तर फेअरवे (मधला कापलेल्या गवताचा पट्टा) असो की रफ (कडेचं वाढलेलं गवत), दंडाशिवाय उचलून एका क्लबच्या लांबीच्या आत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून ड्रॉप करता येतो. पावलाखाली साचलेलं पाणी दिसत असेल तरी फुकट सुटका आहे. बंकर (वाळूचा खड्डा) तुंबला असेल तर बंकरच्या आत दंड न घेता जागा बदलता येते. बाहेर यायचं तर एक स्ट्रोक मोजावा लागतो. मात्र चिखल लागलेला बॉल फेअरवेवर पुसून ठेवण्याची सवलत आपोआप मिळत नाही. ती त्या दिवसाचा स्थानिक नियम म्हणून जाहीर झाली असेल तरच. टी ऑफच्या (पहिल्या फटक्याच्या) आधी स्टार्टरला (गट सोडणाऱ्या माणसाला) विचारून घ्या, म्हणजे सातव्या होलवर मित्रांत भांडण नको.

पावसानंतरचा रफ दाट असतो. बॉल शोधायला तीनच मिनिटं मिळतात, २०१९ पासून. त्यामुळे शंका आली की तिथंच दुसरा प्रोव्हिजनल (पहिला हरवलाच तर धरायचा बॉल) मारून पुढे जा. आणि झुडपांत हात घालू नका. पावसाळ्यानंतर घोणस काय, नाग काय, गवतातच असतात. बेळगावच्या गोल्फ कोर्सच्या परिसरात तर ऑगस्ट २०२२ मध्ये बिबट्या दिसला होता; आठवडेच्या आठवडे शोध चालला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, मोहिमेला हत्तीसुद्धा आणले. दोन-तीनशेच्या बॉलसाठी एवढं धाडस कशाला?

बग्गीचंही विचारा. मैदान ओलं असलं की ती फक्त पक्क्या वाटेवरून न्यायला सांगतात. मग प्रत्येक शॉटला वाटेपासून बॉलपर्यंत आणि परत. गुडघे दुखणाऱ्या काकांसाठी बग्गी घेतली आणि ते चालणाऱ्यांपेक्षा जास्त चालले, असं होतं.

किरकोळ, पण नडणारं

कॉलरचा टी-शर्ट हवा, जीन्स नको, बुटांना मऊ स्पाइक. मोजे दोन जोड, टॉवेल दोन, ग्लोव्हही दोन, कारण ओला ग्लोव्ह निसटतो. ऑक्टोबरचं ऊन अकरानंतर भाजतं, तेव्हा पाणी आणि टोपी. वाटेत कटाची मिसळ डबल रश्श्यासह हाणून पहिल्या टीवर उभं राहणाऱ्याला चौथ्या होलवर काय होतं ते मी पाहिलंय. मिसळ परतीला खा.

पैसे आणि परतीचा रस्ता

आगाऊ पैसे भरताना पावसामुळे कोर्स बंद राहिलं तर काय, हे लेखी घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचं उत्तरही चालेल. पैसे परत मिळणार की पुढची तारीख, आणि नऊ होलनंतर पाऊस आला तर किती कापणार? फोनवर 'बघू की साहेब' असं गोड बोलणारा माणूस त्या दिवशी ड्युटीवर असेलच असं नाही. चौघांपैकी एकानं ऐनवेळी टांग मारली तर त्याची फी कोण भरणार, हेही आधीच ठरवा.

परत येताना अंधार पडायच्या आत हायवेवरून उतरायचं बघा. गळीत सुरू झालं की एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या पाचटानं झाकलेला. कारखान्याकडे वळणाऱ्या फाट्यांवर वेग कमी ठेवा, आणि फेरीनंतर ज्यानं बिअर घेतली असेल त्याच्या हातात किल्ली देऊ नका.