गेटवर घ्यायला कोण येणार?

कारागृहात कैद्यांवर मानसोपचार करण्याचं काम पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा मला सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी उपचारपद्धत) येत होती, प्रेरक मुलाखतीचं, म्हणजे माणसाची स्वतःची बदलाची इच्छा बोलतं करण्याचं, प्रशिक्षण झालं होतं, आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाणी आलं की उपचार लागू पडला अशी माझी ठाम समजूत होती. ती समजूत मोडायला अकरा महिने लागले.

एक कैदी मारहाणीच्या गुन्ह्यात आत आलेला. दर आठवड्याला यायचा, बापाबद्दल बोलायचा, ज्याला मारलं त्याचं नाव निघालं की रडायचा. मी अहवालात लिहिलं, 'जबाबदारी स्वीकारतो, पश्चात्ताप खोल आहे.' सुटल्यावर तीन महिन्यांत तो परत. गुन्हा तसाच, सोबतीही तेच. आधी वाटलं, याने मला बनवलं. पण त्याचं रडणं खोटं नव्हतं, हे मी आजही म्हणेन. चूक माझी होती. अकरा महिन्यांत मी एकदाही विचारलं नाही की सुटशील त्या दिवशी गेटवर कोण येणार. आले होते ते जुने दोन मित्र, आणि गाडीत बाटली होती.

हे नीट समजून घ्या, कारण तुमच्यासारखा या कामात नवीन आलेला माणूस हमखास इथेच अडकतो. पश्चात्ताप ही एक गोष्ट, पुन्हा गुन्हा होण्याची शक्यता ही वेगळी. अँड्र्यूज, बोंटा आणि होज या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये मांडलेली जोखीम, गरज, प्रतिसादक्षमता ही तत्त्वं (जितका धोका तितका उपचार, गुन्ह्यामागच्या गरजांवर काम, आणि त्या माणसाला जमेल अशी पद्धत) तुम्ही पाठ केली असतील. मीही केली होती. पण त्यातली 'गरज' म्हणजे माणसाची कुठलीही गरज नव्हे. गुन्ह्याकडे ओढणाऱ्या गोष्टी तेवढ्या: संगत, व्यसन, 'त्याने डिवचलं म्हणून मारलं' असले विचार, कामधंदा, घरचे संबंध, रिकामा वेळ. खचलेला आत्मविश्वास सावरला तर माणसाला बरं वाटतं, पण तेवढ्याने गुन्हे कमी होत नाहीत. हॅन्सन आणि मॉर्टन-बर्गन या संशोधकांनी २००४ मध्ये लैंगिक गुन्हेगारांवरचे ९५ अभ्यास एकत्र तपासले. गुन्हा नाकारणं किंवा पीडिताबद्दल कळवळा नसणं, यांचा पुन्हा गुन्हा करण्याशी फारसा संबंध दिसला नाही. मी मात्र कबुलीसाठी सेशनमागून सेशन घालवत होते. कबूल न करणाऱ्यांना 'तयार नाही' असा शेरा मारून बाजूला ठेवलं, ते अजून टोचतं.

आणखी एक. तुमचा अहवाल कोण वाचणार, कोणती गोष्ट तुम्ही गुप्त ठेवू शकणार नाही, हे पहिल्याच भेटीत सांगा. दुसऱ्या भेटीत सांगितलं तर उशीर झालेला असतो.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडवट आहे. पोरांना तुरुंग दाखवून घाबरवण्याचे कार्यक्रम अजून लोकांना आवडतात; काटेकोर चाचण्यांत मात्र त्यांनी गुन्हे कमी न होता वाढलेले दिसले. कमी जोखमीच्या माणसाला कडक, लांबलचक उपचारगटात कोंबणंही तसंच अंगाशी येतं. तिथे त्याला नवी संगत मिळते. आणि प्रत्येक अहवालावर 'छान' लिहिणारा सुपरवायझर मिळाला तर दुसरा शोधा. माझ्या चांगल्या सुपरवायझर बाईंनी मला एकदाच विचारलं, 'हा मंगळवारी दुपारी काय करतो?' मला सांगता येईना.

कुणीतरी तुम्हाला ऐकवेलच की या लोकांवर काहीच चालत नाही. तो निष्कर्ष रॉबर्ट मार्टिन्सन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाच्या १९७४ च्या लेखातून पसरला, आणि १९७९ मध्ये त्यानेच तो मागे घेतला. तेव्हा घाबरू नका. पहिल्या वर्षी तुम्ही चुकणार, एखादा परत येणार, रात्री झोप लागणार नाही. मीही दोनदा राजीनामा लिहून फाडला आहे.

आता मी गेटचा प्रश्न तिसऱ्या भेटीच्या आत विचारते. गेल्या वेळी एक जण बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, 'कुणीच नाही.' सुटकेला सहा आठवडे होते. बालपण बाजूला ठेवलं. त्याच्या बहिणीला पत्र लिहायचं ठरलं. पहिली दोन त्याने फाडली, तिसरं पाठवलं. ती आली, नवऱ्याला न सांगता, आणि गेटपासून बरीच लांब उभी राहिली.