टॉक्सिनला दाद न देणारी पेशी आधी शोधा

एमएस्सी मायक्रो किंवा बायोटेक करून जी मुलं टॉक्सिनवर काम करायला येतात, त्यांच्या डोक्यात कुलूप-किल्लीचं चित्र पक्कं बसलेलं असतं. जिवाणूचं टॉक्सिन, म्हणजे त्याने सोडलेलं विष, ही किल्ली; पेशीवरचा रिसेप्टर, म्हणजे ते विष जिथे चिकटतं तो रेणू, हे कुलूप. चित्र चुकीचं नाही, पण त्याच्या भरवशावर प्रयोग उभा राहत नाही. प्रयोगाला आधी अशी पेशी लागते, जिच्यावर ते टॉक्सिन ढिम्म चालत नाही. या विषयात जे काही ठामपणे कळलंय, त्यातलं बरंचसं अशा दाद न देणाऱ्या पेशींमुळेच कळलंय, असं माझं मत आहे.

घटसर्पाचंच बघा. माणूस, माकड, गिनीपिग या टॉक्सिनने मरतात. उंदराला मात्र खूप मोठा डोस दिला तरी फरक पडत नाही. गंमत म्हणजे उंदराच्या पेशीच्या आतली यंत्रणा टॉक्सिनपुढे तितकीच दुबळी असते. टॉक्सिनचा मारक तुकडा, ज्याला ए फ्रॅगमेंट म्हणतात, त्याचा एकच रेणू पेशीत पोचला तरी ती मरते, हे १९७८ साली दाखवलं गेलं. म्हणजे उंदीर वाचतो तो पेशीच्या पृष्ठभागावरच. १९९२ साली याच फरकाचा फायदा घेतला गेला. व्हेरो या माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींमधले जीन उंदराच्या एल पेशींमध्ये घातले आणि त्यातल्या कुठल्या पेशी आता टॉक्सिनला बळी पडतात ते शोधलं. सापडलं ते एचबी-ईजीएफ या वाढघटकाचं पेशीपटलातलं पूर्वरूप; घटसर्पाच्या टॉक्सिनचा रिसेप्टर तोच. उंदराकडेही हे प्रथिन असतं, पण मोक्याच्या जागची काही अमिनो आम्लं वेगळी, म्हणून टॉक्सिन तिथे बसत नाही. हा पेपर मी नवीन मुलांना पहिल्या आठवड्यात वाचायला देते. त्यातली पद्धत आज जुनी वाटेल, पण विचार करायची रीत तीच आहे.

कॉलऱ्याची गोष्ट आपल्या जवळची. कॉलऱ्याच्या जिवाणूची वाढ गाळून, जिवाणू काढून टाकलेला नुसता द्रव सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या वेटोळ्यात सोडला तरी ते पाण्याने टम्म फुगतं, हे कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ साली छापलं. म्हणजे दोषी जिवाणूने सोडलेला पदार्थ. तो चिकटतो कुठे, याचा माग १९७१ ते १९७३ च्या सुमारास लागला: जीएम-१ हा गँग्लिओसाइड. प्रथिन नव्हे, साखरेची साखळी लागलेला मेदरेणू. टॉक्सिनची पाच बी उपघटकांची कडी त्या साखरेला धरते आणि ए उपघटक आतलं काम करतो. इथेही दाद न देणारी पेशी कामी आली. उंदीरवर्गीय पेशींच्या काही वाणांमध्ये जीएम-१ जवळपास नसतो; त्यांना तो बाहेरून पाजला, की त्या टॉक्सिनला प्रतिसाद देऊ लागतात. रिसेप्टर काढल्यावर परिणाम जातो आणि परत दिल्यावर येतो, एवढं दाखवलंत की परीक्षक फारसं बोलत नाही.

आता हातातल्या कामाकडे. बहुतेकांची सुरुवात जीएम-१ एलायझाने होते, म्हणजे टॉक्सिन किती चिकटलं ते अँटिबॉडीने मोजायची चाचणी: प्लेटवर गँग्लिओसाइड सुकवायचा, बीएसए या प्रथिनाने उरलेली जागा ब्लॉक करायची, टॉक्सिन घालायचं, मग अँटिबॉडी. सवयीने हात वॉश बफरमध्ये ट्वीन-२० हे डिटर्जंट टाकायला जातो. टाकू नका. जीएम-१ प्लेटला नुसता चिकटून बसलेला मेद आहे, डिटर्जंट त्याला धुऊन नेऊ शकतं. साधं पीबीएस (फॉस्फेटचं खारं द्रावण) घ्या, धुणी वाढवा.

पेशींवर बाइंडिंग, म्हणजे टॉक्सिनचं चिकटणं, बघताना बर्फ विसरू नका. ३७ अंशांवर पेशी टॉक्सिनला आत ओढून घेते, आणि तुम्ही मोजता ते बाइंडिंग आणि आत जाणं यांची खिचडी. ४ अंशांवर ते पृष्ठभागावरच थांबतं. भांड्याला चिकटलेल्या पेशी सोडवायला ट्रिप्सिन हे प्रथिनं कापणारं एन्झाइम वापरायचं की नाही, हे रिसेप्टरवर ठरतं. घटसर्पाच्या टॉक्सिनचा रिसेप्टर प्रथिन असल्याने ट्रिप्सिन त्याला कापून टाकतं. तिथे ईडीटीए वापरा; ते कॅल्शियम धरून पेशी सोडवतं, प्रथिन कापत नाही. जीएम-१ला ट्रिप्सिनने काही होत नाही. अनोळखी टॉक्सिन हातात आलं तर हाच फरक पहिला धागा देतो.

आमच्याकडे नवीन मुलगी धावत येते, "मॅडम, रीडिंग आलं!" माझा ठरलेला प्रश्न, "जीएम-१ नसलेल्या वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) किती आलंय?" दुसरा प्रश्न, "बाहेरून जीएम-१ची मोकळी साखर जास्त घातलीस तर रीडिंग उतरतं का?" या दोन्हींची उत्तरं वहीत असतील तर पुढे बोलायचं.

एसपीआर मशीन, म्हणजे रेणू चिकटताना-सुटताना प्रकाशाच्या मदतीने मोजणारं यंत्र, मिळालं म्हणून हुरळून जाऊ नका. पाच हातांनी धरणारं टॉक्सिन दाट लावलेल्या जीएम-१वरून सुटतच नाही. वक्र सपाट राहतो आणि सॉफ्टवेअर तरीही एकास-एक मॉडेल बसवून आकडा देतं. तो आकडा एका जागेच्या पकडीचा नसतो. एकेका जागेची पकड साधारण चाळीस नॅनोमोलरच्या घरातली (आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट), एकत्रित पकड त्याहून कितीतरी घट्ट.

कॉलऱ्यावर काम सुरू करायला टॉक्सिनचा बी उपघटक पुरतो. तो पेशीला चिकटतो, पण एकटा कॉलऱ्याचा आजार करत नाही. अख्खं टॉक्सिन, घटसर्प किंवा बोट्युलिनम हाताळायचं तर संस्थेच्या बायोसेफ्टी कमिटीची मंजुरी लागते आणि ती यायला वेळ जातो, तेव्हा अर्ज पीएचडीच्या रजिस्ट्रेशनच्या वेळीच टाका. पेशी पुण्याच्या एनसीसीएस या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या भांडारातून मागवता येतात. आल्या आल्या मायकोप्लाझ्मा, म्हणजे पेशींमध्ये नकळत वाढणारा बारीक जिवाणू, तपासा. पैशाचं म्हणाल तर २०२३ पासून केंद्राची जेआरएफ (पीएचडी करणाऱ्यांची शिष्यवृत्ती) महिना ३७,००० रुपये अधिक घरभाडं. नेट किंवा डीबीटीची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची) परीक्षा निघाली तर गाईड निवडताना तुमचं पारडं जड राहतं.

विषय शोधत असाल तर एक जागा अजून मोकळी आहे. पुस्तकात कॉलरा म्हटलं की जीएम-१, पण माणसाच्या आतड्याच्या अस्तरात तो फारच थोडा सापडतो. २०१५ पासून फ्यूकोज ही साखर लागलेल्या ग्लायकोप्रोटीन्सकडे (साखर जोडलेल्या प्रथिनांकडे) बोट दाखवलं जातंय; टॉक्सिन त्यांनाही धरतं, तेही बी उपघटकाच्या वेगळ्याच जागेने. ओ रक्तगटाच्या लोकांना कॉलरा अधिक तीव्र होतो, हे निरीक्षण जुनं आहे, आणि रक्तगटाच्या साखरांमध्येही फ्यूकोज असतं. यात कुठला रिसेप्टर खऱ्या आजारात किती भाग घेतो, यावर वाद चालू आहे. टी८४ या आतड्याच्या पेशी आणि फ्यूकोज रोखणारं एक रसायन, एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं.