टोस्टवरचं चीज, दुधाविना

लेकीपाठोपाठ घरात सगळ्यांनीच दूधदुभतं सोडलं. अडलं ते टोस्टवरच्या चीजपाशी. आता मी अर्धी वाटी काजू गरम पाण्यात तासभर भिजवते. त्यात एक वाटी पाणी, दोन चमचे लिंबूरस, लसणाची पाकळी, मीठ, तीन चमचे साबुदाण्याचं पीठ घालून गंधासारखं वाटायचं. मंद आचेवर ढवळत राहा. आधी गुठळ्या होतात, घाबरू नका. पाचेक मिनिटांत चकाकी येऊन तार सुटते. ती करामत साबुदाण्याच्या स्टार्चची. पीठ चाळून घ्या, पहिल्या खेपेला माझं कचकचलं होतं.

सोलापूरकर म्हणून शेंगदाण्याचंही केलं. चव थेट शेंगाचटणीकडे गेली, मग मुकाट कडक भाकरीला लावलं! कॅल्शियम यात चीजइतकं नाही. त्यासाठी तीळ, नाचणी वेगळी.