ओएसपीएफ की आयएस-आयएस? नेटवर्किंगमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

मुलाखतीत "ओएसपीएफ घ्याल की आयएस-आयएस?" असं विचारलं की नवखे बहुधा कन्व्हर्जन्सच्या, म्हणजे बिघाडानंतर नवा रस्ता बसण्याच्या, वेगावर बोलायला लागतात. हे दोन्ही राउटिंग प्रोटोकॉल, म्हणजे राउटरांनी आपसात रस्ते ठरवायचे नियम, आणि वेगात दोघांत फारसा फरक नाही. दोन्हींत प्रत्येक राउटर आपल्या एरियाचा (नेटवर्कच्या एका भागाचा) पूर्ण नकाशा स्वतःजवळ ठेवतो आणि डायक्स्ट्राची तीच आकडेमोड करून जवळचा रस्ता काढतो. लिंक चालू (अप) दिसते पण पलीकडे काहीच पोचत नाही, अशा वेळी सिस्कोवर मूळ सेटिंगमध्ये ओएसपीएफ ४० सेकंद थांबतो, आयएस-आयएस ३०. दोन्हींवर बीएफडी (लिंक तुटल्याचं झटपट ओळखणारा प्रोटोकॉल) लावा, ३०० मिलिसेकंद गुणिले तीन, की तोही फरक मिटला. निवड ठरते ती उपकरणं कोणाची आहेत, मधली लिंक कसली आहे आणि रात्री दोनला फोन वाजला तर उचलणाऱ्याला काय येतं यावर.

रिप हा जुना राउटिंग प्रोटोकॉल सोडून द्या. १५ हॉपच्या (राउटरांच्या टप्प्यांच्या) पुढे त्याला जग नाही, आणि लिंक १० एमबीची आहे की १० जीबीची हे तो बघतही नाही.

ईआयजीआरपी हा आणखी एक राउटिंग प्रोटोकॉल, तो वाईट नाही. पण तो सिस्कोचा. २०१६ मध्ये त्याचा आरएफसी ७८६८ (इंटरनेट प्रोटोकॉलचा जाहीर दस्तऐवज) निघाला, तोही माहितीपर, स्टँडर्ड म्हणून नव्हे. इतर कंपन्यांनी तो फारसा उचलला नाही. सगळं सिस्कोचं असेल आणि चालू असेल तर उगाच हात लावू नका. नवीन उभारणीत मात्र उद्या दुसऱ्या कंपनीचा फायरवॉल आला की सीमेवर रीडिस्ट्रिब्यूशन (एका प्रोटोकॉलचे रूट दुसऱ्यात ओतणं) करत बसावं लागतं.

आता खरे दोघे. ओएसपीएफ आयपीवर बसून जातो, प्रोटोकॉल क्रमांक ८९. म्हणून तो जीआरई टनेलमधून (आयपी नेटवर्कवरून दोन टोकं जोडणाऱ्या आभासी वाटेतून) जातो आणि फायरवॉल, लिनक्स सर्व्हर सगळीकडे सापडतो. आयएस-आयएस आयपीत नसतोच, तो थेट लेअर २ च्या (इथरनेटसारख्या) फ्रेममधून जातो. त्यामुळे दुरून आयपी पॅकेट मारून त्याला छेडता येत नाही, पण साध्या आयपीसेक (एन्क्रिप्टेड) टनेलमधून तो जाणारही नाही, आणि बऱ्याच फायरवॉलना तो कळत नाही. त्याची जमेची बाजू आयपीव्ही६: त्याच प्रोटोकॉलमध्ये आणखी काही टीएलव्ही (माहितीचे प्रकार-लांबी-मूल्य असे तुकडे) जोडले की झालं. ओएसपीएफमध्ये सहसा व्हर्जन २ आणि ३ असे दोन संसार सांभाळावे लागतात. मोठ्या सेवादारांच्या (इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्या) बॅकबोनवर आयएस-आयएस बराच दिसतो.

समजा, पुण्यात मुख्य कार्यालय, नाशिक-कोल्हापूर-नागपूर धरून ४० शाखा, प्रत्येक शाखेतून दोन टनेल आणि मध्ये फायरवॉल. इथे ओएसपीएफ, आणि सगळे राउटर एरिया ० मध्ये. एरियाला ५० राउटरचा जुना नियम त्या काळच्या प्रोसेसरसाठी होता. राउटर आयडी हाताने द्या, लूपबॅकचाच (राउटरच्या आतल्या आभासी इंटरफेसचा) पत्ता. रेफरन्स बँडविड्थ (तिला लिंकच्या वेगाने भागून लिंकची कॉस्ट निघते) सगळ्या राउटरवर एकसारखी १,००,००० एमबीपीएस करा. मूळची १०० असते, तिच्या हिशेबाने १०० एमबी, १ जीबी आणि १० जीबी, तिन्ही लिंकची कॉस्ट १ येते आणि ट्रॅफिक खुशाल छोट्या लिंकवर जातो. दोनच राउटर असलेल्या इथरनेट लिंकवर नेटवर्क टाइप पॉइंट-टू-पॉइंट ठेवा, नाहीतर डीआर (त्या लिंकवरचा प्रमुख राउटर) निवडण्यात ४० सेकंद जातात. सगळे इंटरफेस आधी पॅसिव्ह (तिथून ओएसपीएफ बोलणार नाही असे) करा आणि लागतील तेवढेच उघडा.

टनेल म्हटलं की एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) आलाच. एका टोकाला १४७६, दुसऱ्या टोकाला १४०० राहिला की काय दिसतं ते नीट पाहा. हेलो ('मी इथे आहे' सांगणारं पॅकेट) छोटा असतो, तो आरामात जातो. नेबर (शेजारचा राउटर) दिसायला लागतो. मग डेटाबेसची यादी द्यायची वेळ येते, त्या पॅकेटमध्ये इंटरफेसचा एमटीयू लिहिलेला असतो. समोरचा आकडा आपल्यापेक्षा मोठा दिसला की राउटर ते पॅकेट टाकून देतो. 'शो आयपी ओएसपीएफ नेबर' मारलं की एका बाजूला एक्सस्टार्ट, दुसऱ्या बाजूला एक्सचेंज, दोन्ही अर्धवट अवस्था. थोड्या वेळाने नेबर पडतो, परत येतो, परत तिथेच अडकतो. पिंग चालतच असतं, म्हणून लिंकवर कुणी संशय घेत नाही. उपाय म्हणजे दोन्हीकडे एकच एमटीयू. 'एमटीयू-इग्नोर' टाकून मोकळं होण्याचा मोह आवरा. आज नेबर फुल (पूर्ण जोडलेला) होईल, पण एलएसए (लिंकांची माहिती देणाऱ्या नोंदी) वाढले की मोठं पॅकेट वाटेत गळेल. तपासायला डीएफ बिट (पॅकेट तोडू नका अशी खूण) लावून १४०० बाइटचा पिंग मारा. आयएस-आयएस इथे सरळ वागतो: सिस्कोवर त्याचे हेलो मुळातच एमटीयूएवढे फुगवलेले असतात, बसले नाहीत तर नेबर येतच नाही.

सेवादाराकडे नोकरी लागली तर आयएस-आयएसची भीती बाळगू नका. नवख्यांना घाबरवतो तो एनईटी पत्ता, म्हणजे राउटरची आयएस-आयएसमधली ओळख. लूपबॅक १९२.१६८.१.१ असेल तर तो १९२.१६८.००१.००१ असा लिहा आणि ठिपके चार-चार आकड्यांवर सरकवा, आधी एरिया ४९.०००१ आणि शेवटी ०० जोडा: ४९.०००१.१९२१.६८००.१००१.००. झाला पत्ता. सुरुवातीलाच फक्त लेव्हल २ (एरियांना जोडणारा थर) ठेवा आणि मेट्रिक (आयएस-आयएसमधली कॉस्ट) वाइड करा. जुन्या नॅरो मेट्रिकमध्ये एका लिंकला ६३ च्या वर जाता येत नाही. वाइड सगळीकडे हवं, एक राउटर नॅरोवर राहिला तर नेबर उभा आणि रूट गायब. आणखी एक, रीबूटनंतर ओव्हरलोड बिट (माझ्यामधून ट्रॅफिक नेऊ नका अशी खूण) काही वेळ चालू राहील असं करा. नाहीतर बीजीपी (बाहेरच्या नेटवर्कांशी रूट देवाणघेवाण करणारा प्रोटोकॉल) तयार होण्याआधीच ट्रॅफिक त्या राउटरकडे येतो आणि तिथेच मरतो.

प्रोटोकॉल कोणताही घ्या, त्यात लूपबॅक आणि आतल्या लिंक एवढंच ठेवा. ग्राहकांचे रूट बीजीपीत. रीडिस्ट्रिब्यूशनची एक ओळ चुकून फिल्टरशिवाय पडली आणि इंटरनेटचे लाखो रूट आत शिरले, तर ते सगळ्या राउटरवर पसरतात. दोन ठिकाणी दुतर्फा रीडिस्ट्रिब्यूशन करायची वेळ आलीच तर रूटना टॅग लावा आणि परत येणारे अडवा.

सीसीएनए या सिस्कोच्या परीक्षेत एका एरियाचा ओएसपीएफ येतो, आयएस-आयएस सेवादारांच्या ट्रॅकमध्ये. सरावाला महागडं काही लागत नाही, जीएनएस३ (संगणकावर राउटर चालवून बघायचं सॉफ्टवेअर) आणि एफआरआर (मोफत राउटिंग सॉफ्टवेअर) पुरतं. चार राउटर चौकोनात जोडा आणि मुद्दाम बिघडवा. एमटीयूचा बिघाड करून झाला की एका टोकाचा नेटवर्क टाइप ब्रॉडकास्ट करा, दुसऱ्याचा पॉइंट-टू-पॉइंट. टायमर दोन्हीकडे १० आणि ४०च, म्हणून नेबर फुल दिसतो, पण त्या लिंकवरून रूट बसत नाहीत. मग दोन्ही राउटरचे टाइप १ एलएसए शेजारी उघडून बघा: एक म्हणतो मी ट्रान्झिट नेटवर्कला जोडलेलो आहे, दुसरा म्हणतो मी थेट राउटरला.