नवं उत्पादन बनवताय? या चुका टाळा

पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रोजेक्ट प्रदर्शनात पाण्याच्या टाकीचा 'स्मार्ट' कंट्रोलर हमखास दिसतो. गरज अगदी खरी आहे. पंप चालूच राहतो, गच्चीवरची टाकी वाहते, चांगलं पाणी गटारात जातं. पण डब्यात सेन्सर, वाय-फाय, ॲप, आलेख असं सगळं असतं आणि पंप रोज चालू-बंद करणारे वॉचमनकाका मात्र कुणाच्या डोक्यातच नसतात. ॲप चेअरमनच्या फोनवर, बटण काकांच्या हाताशी.

नव्या वस्तूबद्दल मत घ्यायचं तर दोघांचं आधी घ्यावं: ती रोज वापरणाऱ्याचं आणि बिघडल्यावर उघडणाऱ्याचं. बहुतेक चुका या दोघांपैकी एकाला विसरल्यामुळे होतात.

आधी सेन्सर ठरवणं, मग काम शोधणं

टाकीच्या झाकणाखाली हवा कायम दमट असते. उघड्या अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी पाण्यापर्यंतचं अंतर मोजणाऱ्या) सेन्सरवर थेंब जमले की आकडे भरकटतात. जलरोधक सेन्सर घ्यावा, तर स्वस्तातल्या नेहमीच्या प्रकाराला साधारण 20 ते 25 सेंटीमीटरच्या आतलं अंतर मोजताच येत नाही. म्हणजे टाकी काठोकाठ येताना, जिथे अचूकपणा हवा, तिथेच तो चुकतो. त्याऐवजी पाणी कुठवर आलं ते कळावं म्हणून धातूच्या सळ्या सोडल्या आणि त्यांतून सतत डीसी (एकाच दिशेचा) प्रवाह दिला, तर सळ्या झिजतात, त्यांवर थर बसतो आणि कालांतराने पाणी असूनही 'टाकी रिकामी' असं दिसू लागतं.

हेच काम दोन फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून पातळीनुसार चालू-बंद होणारे स्विच) करतात. एक गच्चीवरच्या टाकीत, एक जमिनीखालच्या टाकीत, दोन्ही सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग जोडलेले. वर जागा आहे आणि खाली पाणी आहे, तरच पंप सुरू होतो. दुरुस्तीसाठी गुरुवारी महापालिकेचं पाणी बंद असलं की खालची टाकी तळाला जाते. त्या दिवशी पंप कोरडा फिरून सील जळू नये, यासाठी हा खालचा फ्लोट. मात्र मोटरचा सगळा भार फ्लोटवर टाकू नका. फ्लोटने कॉन्टॅक्टर (मोठा भार पेलणारा विजेवर चालणारा स्विच) चालवावा आणि कॉन्टॅक्टरने मोटर.

इतकं साधं ठेवल्यावर बिघाड शोधणंही सोपं जातं. पंप थांबत नाही? वरचा फ्लोट हाताने उचलून पाहा. पंप थांबला, तर फ्लोट पाइपला किंवा स्वतःच्याच वायरला अडकत असणार. नाही थांबला, तर मेन स्विच बंद करून कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटलेत का ते इलेक्ट्रिशियनला बघायला सांगा. फ्लोट किंवा कॉन्टॅक्टर बदलायचा झाला, तर तो पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, तापकीर गल्लीत मिळतो. खास छापून घेतलेला सर्किट बोर्ड जळला, तर बनवणाऱ्याला गाठावं लागतं, आणि तो तोवर नोकरीसाठी बंगळूरला गेलेला असतो.

ॲपला माझा विरोध नाही. मोठ्या सोसायटीत कोणत्या इमारतीची टाकी रिकामी आहे हे फोनवर कळणं फार सोयीचं. पण ते वरून जोडलेलं असावं. इंटरनेट गेलं तरी पंप नेहमीसारखा चालला आणि थांबला पाहिजे. तसं होत नसेल, तर रचना उलटी झाली आहे.

जे हाताशी नाही, त्यावर उभं राहणं

शहरातल्या फ्लॅटमध्ये गोबर गॅस का चालला नाही? रोज शेण आणायचं कुठून! पुण्याच्या 'आरती' (ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट) संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी कच्चा मालच बदलला. उरलेलं अन्न, खराब झालेलं पीठ असे पिष्टमय आणि साखरयुक्त पदार्थ वापरून घरगुती बायोगॅस संयंत्र तयार केलं. त्याचा सांगाडा म्हणजे बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या दोन टाक्या, एक दुसरीत उपडी. गॅस साठला की वरची टाकी उचलली जाते, म्हणजे किती गॅस आहे हे नुसतं बघून कळतं. 2006 मध्ये या कामाला शाश्वत ऊर्जेसाठीचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. मीटर न लावताही माप दिसावं, ही त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट.

'कशी वाटली?' असं विचारणं

पुणेकर एरवी स्पष्टवक्ते असले, तरी ओळखीच्या मुलाने बनवलेल्या वस्तूला 'छान आहे' म्हणतातच. त्या उत्तरावर साचा बनवायला टाकू नका. 'सध्या हे काम कसं करता? मागच्या वेळी अडलं तेव्हा काय केलंत? किती खर्च आला?' असं विचारा. वस्तू त्यांच्याकडे ठेवून या, मध्ये फोन करून आठवण करू नका. नंतर ती कुठे सापडते ते पाहा: वापरात की माळ्यावर.

पेटंटआधी सगळं दाखवून मोकळं होणं

भारतात अर्ज करण्याआधी कल्पना जाहीर झाली, तर थोडे अपवाद वगळता तिचं नवेपण संपतं. व्हिडिओ टाकला किंवा खुल्या कार्यक्रमात सगळी रचना समजावून सांगितली, तरी अडचण येऊ शकते. आधी प्रोव्हिजनल (प्राथमिक) अर्ज करा. त्यानंतर पूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात. वस्तूने दोन पावसाळी महिने गच्चीवर काढल्यावर त्या तपशिलातून काय गाळायचं, हेही तोवर समजलेलं असतं.